निवडीचे उत्तरदायित्व : बीटल्सच्या तीन संकलनांच्या निमित्ताने

१

निवड ही समीक्षेची सर्वांत संक्षिप्त आणि बहुधा सर्वांत प्रभावी कृती होय. समीक्षक एखाद्या कवितेविषयी दहा पृष्ठे लिहितो तेव्हा त्याचा निर्णय वादासाठी खुला असतो. संकलक तीच कविता वगळतो तेव्हा वादाला जागाच उरत नाही. जे वगळले गेले ते वाचकापुढे येत नाही, आणि जे पुढे आले नाही त्याची उणीवही त्याला भासत नाही. पिढ्यान्‌पिढ्यांची अभिरुची ही अशी निमूटपणे घडत असते. असे असूनही निवडीची स्वतंत्र समीक्षा आपल्याकडे फारशी झालेली नाही. 'निवडक' आणि 'प्रातिनिधिक' या विशेषणांनी सजलेल्या संग्रहांची परीक्षणे बहुधा दोन वाक्यांत आटोपतात : अमुक रचना हवी होती, तमुक नसती तरी चालले असते. ही तक्रार आवडीनिवडीची म्हणून सोडून दिली जाते आणि प्रश्न तेथेच संपतो.

प्रस्तुत लेखाची भूमिका अशी की, हा प्रश्न निव्वळ आवडीनिवडीचा नाही. एखादी रचना चांगली आहे की नाही, हा एक निर्णय. या विशिष्ट निवडीत तिचे स्थान समर्थनीय आहे की नाही, हा दुसरा. पहिला निर्णय रचनेविषयीचा आहे, दुसरा संकलन नावाच्या वेगळ्याच कृतीविषयीचा. दोहोंची गल्लत झाली की निवडीची समीक्षा अशक्य होते. चांगली रचना चुकीच्या ठिकाणी असू शकते. तुलनेने सामान्य रचना संकलनात अपरिहार्य ठरू शकते.

या विचाराची कसोटी पाहण्यासाठी साहित्याबाहेरचे उदाहरण घेण्याचे कारण आहे. लोकप्रिय संगीतातील 'ग्रेटेस्ट हिट्स' हा प्रकार निवडीमागील गृहीतके उघडी पाडतो. त्याच्या नावातच तीन दावे एकमेकांत मिसळलेले असतात : ही गीते सर्वांत लोकप्रिय आहेत, ही सर्वांत श्रेष्ठ आहेत आणि ही त्या बँडचे प्रतिनिधित्व करतात. हे तिन्ही दावे एकाच वेळी खरे असणे जवळजवळ अशक्य आहे. साहित्यातील संकलने हाच गोंधळ अधिक प्रतिष्ठित शब्दांत घालतात, एवढाच फरक.

बीटल्सचे उदाहरण या दृष्टीने विशेष सोयीचे ठरते. जॉन लेनन, पॉल मॅकार्टनी, जॉर्ज हॅरिसन आणि रिंगो स्टार या चौघांचे ध्वनिमुद्रित कार्य १९६२ ते १९७० या आठ वर्षांत प्रसिद्ध झाले. दोनशेहून थोड्या अधिक गीतांचा हा संच जवळजवळ बंदिस्त आहे. या एकाच संचातून तीन वेळा, तीन वेगळ्या तत्त्वांनी महत्त्वाची निवड झाली : १९७३ मध्ये '१९६२–१९६६' आणि '१९६७–१९७०' ही जोडसंकलने (मुखपृष्ठांच्या रंगांवरून रूढ झालेली नावे लाल आणि निळे), २००० मध्ये '१' हे संकलन आणि २०२३ मध्ये लाल-निळ्याची विस्तारित आवृत्ती. मूळ सामग्री तीच आणि निकष वेगवेगळे असल्याने निकषांचेच मूल्यमापन करण्याची दुर्मीळ संधी येथे मिळते.

२

प्रथम लाल-निळ्या संकलनांचा विचार करू. त्यांची प्रेरणा सांगीतिक नव्हती. बँड १९७० मध्ये विसर्जित झाला होता, आणि 'अल्फा ओमेगा' या नावाचा एक अनधिकृत संच अमेरिकेत जाहिराती करून विकला जात होता. त्याला उत्तर म्हणून अधिकृत संकलन काढणे भाग पडले. निवडीचे श्रेय सर्वसाधारणपणे तत्कालीन व्यवस्थापक ॲलन क्लाइन यांना दिले जाते. परंतु हेतू व्यापारी होता म्हणून कृतीही निव्वळ व्यापारी ठरते, असे मानणे हा हेतुदोष होईल. कृतीचे परीक्षण कृतीतूनच केले पाहिजे.

लाल संकलनात २६ गीते आहेत, निळ्यात २८. एकूण ५४, म्हणजे संपूर्ण कार्याचा साधारण चौथा हिस्सा. यांतील बरीच गीते केवळ सिंगल म्हणून प्रसिद्ध झालेली होती. सिंगलवरचे गीत शक्यतो अल्बममध्ये घालायचे नाही, असा ब्रिटनमध्ये त्या काळी सर्वसाधारण प्रघात होता. त्यामुळे 'शी लव्हज यू', 'आय वॉन्ट टू होल्ड युअर हँड', 'पेपरबॅक रायटर', 'हे जूड' यांसारखी गीते तेथील मूळ अल्बममध्ये नव्हतीच. नियतकालिकांत विखुरलेले लेखन एखाद्या संग्रहात प्रथमच एकत्र यावे, तसे कार्य या संकलनांनी केले. १९८८ मध्ये 'पास्ट मास्टर्स'च्या दोन भागांनी ही सुटी गीते पद्धतशीरपणे गोळा केली आणि लाल-निळ्याची ही गरज संपली. तरीही ती संकलने टिकून राहिली. याचा अर्थ त्यांच्यात केवळ संग्रहाहून अधिक असे काही होते.

ते 'अधिक' म्हणजे कथन. शीर्षकांत 'श्रेष्ठ', 'लोकप्रिय', 'सुवर्ण' असा एकही शब्द नाही. आहेत ती फक्त वर्षे. म्हणजे संकलन गुणवत्तेचा नव्हे, इतिहासाचा दावा करते. मुखपृष्ठेही हेच सांगतात. अँगस मॅकबीन यांनी १९६३ मध्ये लंडनच्या मँचेस्टर स्क्वेअर येथील ईएमआय कचेरीच्या जिन्यात या चौघांचे छायाचित्र काढले होते. १९६९ मध्ये त्याच जिन्यात, त्याच कठड्यावरून खाली पाहणाऱ्या त्याच चौघांचे पुन्हा काढले. ही दोन छायाचित्रे दोन संकलनांवर विभागून आली आहेत. जेरार जेनेत यांनी १९८७ च्या ग्रंथात शीर्षक, मुखपृष्ठ, प्रस्तावना इत्यादींना संहितेचे 'उंबरठे' मानून विचार केला. त्या दृष्टीने पाहता, येथे उंबरठ्यावरच संपूर्ण कथा सांगून झालेली आहे : जागा तीच, माणसे तीच, काळ मात्र पुढे सरकलेला.

कथन म्हटले की विभागणी आली. १९६६ आणि १९६७ यांच्यामधील रेषा कॅलेंडरपुरती नाही. २९ ऑगस्ट १९६६ रोजी सॅन फ्रान्सिस्को येथे बीटल्सचा शेवटचा तिकीट लावलेला कार्यक्रम झाला. यानंतरचे त्यांचे संगीत प्रामुख्याने स्टुडिओत घडले. त्यामुळे लाल म्हणजे रंगमंचावरचा बँड आणि निळा म्हणजे ध्वनिमुद्रणकक्षातला बँड, अशी विभागणी साधते. हे एक समीक्षात्मक विधान आहे, आणि गीतांची निवड हा त्याचा युक्तिवाद आहे. विधान आहे म्हणूनच त्याचा प्रतिवादही करता येतो.

३

प्रतिवादाचा पहिला मुद्दा कर्तृत्वाचा. लाल संकलनातील सव्वीसच्या सव्वीस गीते लेनन-मॅकार्टनी या जोडीची आहेत. एकही परकीय रचना नाही आणि हॅरिसनचीही नाही. वास्तवात बीटल्सच्या पहिल्या दोन्ही अल्बममध्ये चौदापैकी सहा-सहा गीते इतरांची होती आणि त्यांतील बरीचशी अमेरिकन कृष्णवर्णीय गायक-गीतकारांच्या परंपरेतून आलेली होती. चक बेरी, स्मोकी रॉबिन्सन, आयस्ले ब्रदर्स यांची गाणी गातगातच हा बँड घडला. लाल संकलन ऐकणाऱ्याला याची पुसटशीही कल्पना येत नाही. स्वयंभू प्रतिभेच्या स्वच्छंदतावादी कल्पनेला जे सोयीचे तेवढे ठेवले गेले. परंपरेचे ऋण मात्र वगळले गेले. या वगळण्यामुळे कोणते एक चांगले गीत हुकले, हा प्रश्न दुय्यम आहे. कलावंत कसा घडतो याविषयीची एक चुकीची उपपत्ती ऐकणाऱ्याच्या मनात रुजते, ही खरी हानी.

दुसरा मुद्दा 'रिव्हॉल्व्हर'चा. १९६५ च्या अखेरीच्या 'रबर सोल' या अल्बममधील चौदापैकी सहा गीते लाल संकलनात आहेत. ऑगस्ट १९६६ च्या 'रिव्हॉल्व्हर'मधील चौदापैकी केवळ दोन. ती दोन, 'एलिनॉर रिग्बी' आणि 'यलो सबमरीन', एकाच सिंगलच्या दोन बाजू होत्या. म्हणजे हा अल्बम म्हणून अल्बमचा विचारच झालेला नाही. सिंगल तेवढी उचलली गेली. 'यलो सबमरीन' या बालगीतसदृश रचनेच्या जागी काहीतरी 'गंभीर' हवे होते, अशी तक्रार अनेकदा होते. ती मला पटत नाही. रिंगोचा आवाज, समूहगान आणि स्टुडिओत निर्माण केलेले पाण्याचे व जहाजाचे आवाज यांमुळे ती रचना पुढच्या काळाची चाहूल देते. तिचे स्थान योग्यच आहे. उणीव आहे ती 'टुमॉरो नेव्हर नोज'ची. 'रिव्हॉल्व्हर'साठी सर्वांत आधी, एप्रिल १९६६ मध्ये, ध्वनिमुद्रित झालेले आणि अल्बमच्या शेवटी ठेवलेले हे गीत एकाच स्वराधारावर उभे आहे. ध्वनिफितीचे तुकडे जोडून केलेली आवर्तने त्यात वापरलेली आहेत. ते नसल्याने लाल संकलन संपते 'यलो सबमरीन'वर आणि निळे सुरू होते 'स्ट्रॉबेरी फील्ड्स फॉरएव्हर'ने. मधला पूलच काढून टाकलेला असल्यामुळे १९६७ मधील परिवर्तन चमत्कारासारखे वाटते. साहित्येतिहासात 'अमुक वर्षी नवकाव्य अवतरले' अशा प्रकारची विधाने कशी तयार होतात, याचा हा वस्तुपाठ आहे. संक्रमणकाळातील रचना गाळल्या की क्रांती आपोआप तयार होते.

तिसरा मुद्दा अंतर्गत रचनेचा. मर्ढेकरांनी 'सौंदर्य आणि साहित्य'मध्ये संवाद, विरोध आणि समतोल ही लयीची तत्त्वे मांडली. ती एकेका कलाकृतीसाठी असली तरी क्रमाने मांडलेल्या संकलनालाही लावून पाहता येतात. लाल संकलनाच्या चौथ्या बाजूवर 'मिशेल', 'इन माय लाइफ' आणि 'गर्ल' ही तीन गीते सलग येतात. तिन्ही 'रबर सोल'मधील, तिन्ही मंद लयीची, तिन्ही अंतर्मुख. सुटी ऐकल्यास तिन्ही उत्तम. सलग ऐकल्यास संवाद भरपूर, विरोध नाही. 'गर्ल' आणि 'मिशेल' तर संकलनात एकच काम करतात : गिटारच्या युरोपीय वळणाच्या साथीने गायिलेले उदास प्रेमगीत. त्यांपैकी एकाच्या जागी त्याच अल्बममधील हॅरिसनचे 'इफ आय नीडेड समवन' आले असते, तर बाजूला विरोधलय मिळाली असती आणि तिसरा गीतकारही दिसला असता. संकलनातील रचनेचे मूल्य तिच्या शेजारावर अवलंबून असते, असे म्हणतो ते याच अर्थाने.

निळ्या संकलनाची तिसरी बाजू हे याचे आणखी ठळक उदाहरण. तिच्यावरील सातांपैकी चार गीते १९६९ च्या दोन सिंगलांच्या दोन-दोन बाजू आहेत : 'गेट बॅक' आणि 'डोन्ट लेट मी डाउन', 'द बॅलड ऑफ जॉन अँड योको' आणि 'ओल्ड ब्राउन शू'. उरलेल्या तीन जागांत १९६८ चा तीस रचनांचा दुहेरी अल्बम बसवलेला आहे. त्या तिघांत मॅकार्टनीची दोन आणि हॅरिसनचे एक. लेननचे एकही नाही. निळ्यातील 'रेव्होल्यूशन' हे त्या अल्बममधील नव्हे, सिंगलचे रूप आहे. ज्या अल्बममध्ये लेननची प्रतिभा विशेष अस्वस्थ आणि बहुमुखी दिसते, त्यातून तोच गायब असावा, हे समर्थनीय नाही.

क्रमाविषयीही एक निरीक्षण नोंदवले पाहिजे. क्रम कालानुसार असल्याचे भासते, पण तो प्रकाशनाचा आहे, निर्मितीचा नव्हे. 'लेट इट बी' अल्बममधील बहुतांश काम जानेवारी १९६९ मधले. 'ॲबी रोड' त्यानंतरचा. पण 'लेट इट बी' मे १९७० मध्ये प्रसिद्ध झाल्याने तो शेवटी आला. 'अक्रॉस द युनिव्हर्स' तर फेब्रुवारी १९६८ मध्ये ध्वनिमुद्रित झालेले. ते निळ्यात शेवटून दुसरे आहे. अखेर होते 'द लाँग अँड वाइंडिंग रोड' या विषण्ण गीताने. निर्मितीचा क्रम लावला असता तर कथेचा शेवट 'ॲबी रोड'च्या बांधेसूद, आत्मविश्वासपूर्ण संगीताने झाला असता. मार्क लुइसन यांनी १९८८ मध्ये ध्वनिमुद्रणसत्रांचा तपशीलवार वृत्तान्त प्रसिद्ध केल्यानंतर हा फरक सर्वांनाच उमगला. तरी सर्वसामान्य श्रोत्याच्या मनातील शेवट अजूनही निळ्या संकलनाचाच आहे.

४

एवढे दोष दाखवल्यावर असे वाटेल की, व्यक्तिनिष्ठ निवडीपेक्षा वस्तुनिष्ठ नियम बरा. २००० सालच्या '१' या संकलनाने नेमका हाच मार्ग स्वीकारला. नियम सोपा : ब्रिटन किंवा अमेरिका यांपैकी कोठेही विक्रीच्या क्रमवारीत पहिला क्रमांक मिळवलेले गीत घ्यायचे, बाकीचे सोडायचे. अशी २७ गीते एका तबकडीत बसली. येथे एक लक्षणीय गोष्ट दिसते : ही सत्तावीसच्या सत्तावीस गीते लाल-निळ्या संकलनांत आधीच आहेत, सोळा लालमध्ये आणि अकरा निळ्यामध्ये. म्हणजे '१' हे ५४ गीतांचे बरोबर निम्मे आहे. १९७३ च्या संकलकाने 'हिट' म्हणून जे घेतले होते ते सगळे येथे राहिले आणि 'हिट' नसूनही जे घेतले होते ते सगळे गळाले. संकलकाचा विवेक म्हणजे काय, याचे मोजमापच या वजाबाकीत मिळते.

वजाबाकीत काय गेले? 'सार्जंट पेपर' अल्बममधील एकही गीत उरले नाही, कारण त्यातील एकही त्या काळी सिंगल म्हणून निघाले नव्हते. १९६८ च्या दुहेरी अल्बममधील एकही उरले नाही. 'इन माय लाइफ' नाही, 'अ डे इन द लाइफ' नाही, 'स्ट्रॉबेरी फील्ड्स फॉरएव्हर' नाही. अल्बम हेच ज्या बँडने कलेचे एकक बनवले, त्या बँडचे चित्र येथे सिंगलांची मालिका म्हणून उभे राहते.

याला असे उत्तर देता येईल की, '१' श्रेष्ठतेचा दावा करीतच नाही; ते केवळ वस्तुस्थिती नोंदवते. हा बचाव तपासून पाहिला पाहिजे, कारण साहित्यातही पुरस्कार, आवृत्त्यांची संख्या, अभ्यासक्रमातील समावेश यांसारख्या 'वस्तुस्थिती'च्या आधारे निवड करण्याचा मोह वाढतो आहे.

पहिली गोष्ट, वस्तुस्थिती एकसंध नाही. १९६३ च्या आरंभी ब्रिटनमध्ये सर्वमान्य अशी एकच क्रमवारी नव्हती. 'प्लीज प्लीज मी' हे गीत 'मेलडी मेकर' आणि 'न्यू म्युझिकल एक्सप्रेस' यांच्या याद्यांत पहिले होते, 'रेकॉर्ड रिटेलर'च्या यादीत दुसरे. '१' मध्ये ते नाही. याद्यांपैकी एक प्रमाण मानली गेली आणि त्या क्षणी नियमाच्या आधी निवड झाली.

दुसरी गोष्ट, मोजणीचे नियम बदलत असतात. 'पेनी लेन' आणि 'स्ट्रॉबेरी फील्ड्स फॉरएव्हर' या एकाच तबकडीच्या दोन समान बाजू होत्या. ब्रिटनमध्ये ती दुसऱ्या क्रमांकावर थांबली. अमेरिकेतील 'बिलबोर्ड' त्या काळी दोन बाजूंची वेगवेगळी नोंद करीत असे, म्हणून 'पेनी लेन' पहिले आणि 'स्ट्रॉबेरी फील्ड्स' आठवे. एक आत आले, दुसरे बाहेर राहिले. नोव्हेंबर १९६९ मध्ये 'बिलबोर्ड'ने पद्धत बदलली आणि दोन्ही बाजू एकत्र मोजू लागले. त्यामुळे 'समथिंग' आणि 'कम टुगेदर' ही जोडी पहिल्या क्रमांकावर गेली व दोन्ही गीते '१' मध्ये आली. १९६९ ची पद्धत १९६७ मध्ये असती, तर ज्या गीताविना बीटल्सचा इतिहासच लिहिता येत नाही ते संकलनात असते. त्याचे येथे नसणे हा एका कारकुनी पद्धतीचा परिणाम आहे.

तिसरी गोष्ट अधिक बोलकी आहे. नव्या पद्धतीनुसार जून १९७० मध्ये 'द लाँग अँड वाइंडिंग रोड' अमेरिकेत पहिले आले तेव्हा त्याच्या दुसऱ्या बाजूवरील 'फॉर यू ब्लू'चीही त्याच्यासोबतच नोंद झाली होती. नियम नियम म्हणून पाळायचा तर ते गीतही घ्यायला हवे होते. ते घेतले गेले नाही. म्हणजे यांत्रिक वाटणाऱ्या निवडीतही अखेर कोणीतरी निर्णय घेतलाच. फक्त तो निर्णय म्हणून मान्य केला नाही. योगायोग असा की, 'फॉर यू ब्लू' हॅरिसनचे आहे. परिणामी सत्तावीस गीतांत त्याचे एकच उरले.

लाल-निळ्याचा संकलक चुकतो तेव्हा त्याला जाब विचारता येतो. नियम चुकतो तेव्हा कोणाला विचारायचे? नियम उत्तरदायी नसतो. व्यक्तिनिष्ठतेपासून सुटका हे त्याचे आकर्षण आहे, आणि तीच त्याची मर्यादा. समीक्षेच्या दृष्टीने 'चुकीचा निर्णय' हा 'निर्णयाचा अभाव' यापेक्षा श्रेयस्कर मानला पाहिजे, कारण पहिल्यातून चर्चा पुढे जाते.

५

२०२३ च्या नोव्हेंबरमध्ये लाल-निळ्या संकलनांची विस्तारित आवृत्ती निघाली. लालमध्ये १२ गीतांची भर पडून ३८ झाली, निळ्यात ९ ची भर पडून ३७. ही भर म्हणजे जणू पन्नास वर्षांच्या आक्षेपांना दिलेले उत्तरच आहे. 'ट्विस्ट अँड शाउट', 'रोल ओव्हर बेथोव्हन' आणि 'यू रिअली गॉट अ होल्ड ऑन मी' आल्याने परंपरेचे ऋण नोंदले गेले. 'रिव्हॉल्व्हर'मधील आणखी पाच गीते आली. त्यांत 'टुमॉरो नेव्हर नोज' आहे आणि हॅरिसनचे 'टॅक्समन'ही. 'इफ आय नीडेड समवन' आले. १९६८ च्या अल्बममधील लेननच्या दोन रचना आल्या. हॅरिसनची गीते चारांवरून आठांवर गेली. याशिवाय लेननच्या १९७० च्या दशकातील घरगुती ध्वनिफितीवरून पूर्ण केलेले 'नाऊ अँड देन' निळ्यात आले. '१९६७–१९७०' या शीर्षकाशी ते उघडच विसंगत आहे.

न्यायाच्या दृष्टीने ही आवृत्ती निःसंशय सरस आहे. पण निवड म्हणून? येथे विस्ताराचे तत्त्व आणि निवडीचे तत्त्व यांतील ताण दिसतो. आक्षेप घेणाऱ्या प्रत्येकाला एकेक जागा देऊन संकलन निर्दोष होते, परंतु त्याचे विधान पातळ होते. एकही जुने गीत काढले गेले नाही. 'मिशेल', 'इन माय लाइफ', 'गर्ल' ही तिन्ही गीते कायम आहेत. वगळण्याचे धैर्य नसलेली दुरुस्ती ही बेरीज असते, पुनर्विचार नसतो. विशेष म्हणजे याच आवृत्तीच्या दोन रूपांत दोन वेगळ्या भूमिका आढळतात. सीडीच्या रूपात नवी गीते कालक्रमात मिसळलेली आहेत. तीन तबकड्यांच्या रूपात मूळ क्रम पहिल्या दोन तबकड्यांवर तसाच ठेवून भर तिसरीवर दिलेली आहे. पहिले रूप नवा इतिहास सांगू पाहते. दुसरे रूप १९७३ च्या निवडीलाच संहिता मानून तिला पुरवणी जोडते. एका व्यावसायिक संकलनाला स्वतःचे असे अभिजातत्व प्राप्त झाल्याची ही कबुलीच होय.

६

या तिन्ही निवडींची एक कसोटी भारतीय अभ्यासकाने अवश्य लावून पाहावी, कारण तिच्यात आपला थेट संबंध येतो. हॅरिसनच्या भारतीय संगीताशी आलेल्या संबंधातून बीटल्सच्या कार्यात दोन प्रकारच्या रचना निर्माण झाल्या. एका प्रकारात सतार हा नादरंग आहे. ऑक्टोबर १९६५ मधील 'नॉर्वेजियन वुड' हे त्याचे आद्य उदाहरण : गीत लेननचे, घडण पाश्चात्त्य लोकगीताची, आणि गिटारच्या जोडीला धून वाजवणारी सतार. दुसऱ्या प्रकारात भारतीय तत्त्व रचनेच्या मुळाशी आहे : अखंड षड्‌जाचा आधार, स्वरसंगतींच्या बदलाऐवजी रागसदृश स्वरविस्तार, तालवाद्यांची आवर्तने. 'लव्ह यू टू', 'विदिन यू विदाउट यू' आणि 'द इनर लाइट' ही हॅरिसनची तीन गीते या प्रकारची. जुन्या अलंकारशास्त्राच्या भाषेत सांगायचे तर पहिल्या प्रकारात सतार अलंकार आहे, दुसऱ्यात तिचे संगीत हाच काव्यात्मा आहे.

१९७३ च्या निवडीत पहिला प्रकार आहे, दुसऱ्यातील एकही गीत नाही. २००० च्या निवडीत दोन्ही नाहीत. २०२३ मध्ये दुसऱ्यातील एक, 'विदिन यू विदाउट यू', आले. 'द इनर लाइट' मात्र तिन्ही निवडींच्या बाहेर राहिले. या गीताची वाद्यसंगत जानेवारी १९६८ मध्ये मुंबईत, एचएमव्हीच्या स्टुडिओत, भारतीय वादकांकडून ध्वनिमुद्रित झाली. गायन नंतर लंडनमध्ये झाले. मार्च १९६८ मध्ये ते 'लेडी मॅडोना'च्या दुसऱ्या बाजूवर आले आणि बीटल्सच्या सिंगलवर आलेले हॅरिसनचे ते पहिले गीत ठरले. 'लेडी मॅडोना' तिन्ही निवडींत आहे. १९६९ च्या दोन सिंगलांच्या दोन्ही बाजू घेणाऱ्या निळ्या संकलनाने या सिंगलची एकच बाजू घेतली.

या आक्षेपामागे प्रादेशिक अभिमान आहे असे कोणी समजू नये. मुंबईत ध्वनिमुद्रित झाले म्हणून ते गीत निवडीत हवे, असा युक्तिवाद पोकळ ठरेल. मुद्दा असा की, अलंकार म्हणून आलेली सतार स्वीकारायची आणि रचनातत्त्व म्हणून आलेले संगीत वगळायचे, यातून दोन संस्कृतींच्या भेटीविषयी एक विशिष्ट कथा तयार होते : पाश्चात्त्य कलावंताने पूर्वेकडून एक रंग घेतला, इतकेच. बीटल्सच्या कार्यात प्रत्यक्षात याहून अधिक घडले होते. आपल्या रचनेचे व्याकरणच काही काळ बाजूला ठेवून दुसऱ्या परंपरेचे शिष्यत्व पत्करण्याचा तो प्रयत्न होता. तो कितपत यशस्वी झाला हा वेगळा प्रश्न. निवडीने तो प्रयत्नच दृष्टीआड केल्यामुळे त्याच्या यशापयशाची चर्चाही श्रोत्यापर्यंत पोहोचत नाही. तीन मिनिटांहून कमी कालावधीचे एक गीत वगळल्याने केवढी उपपत्ती गमावली जाते, हे येथे दिसते.

७

या विवेचनातून निवडीच्या समीक्षेचे काही निकष हाती येतात. निवडीने कोणता दावा केला आहे, हे प्रथम निश्चित करावे. लोकप्रियता, श्रेष्ठता आणि प्रातिनिधिकता यांपैकी जो दावा केला असेल त्याच्याच आधारे तिचे परीक्षण करावे. त्यानंतर वगळलेल्या रचनांकडे पाहावे : त्या सुट्या-सुट्या वगळल्या गेल्या आहेत की त्यांच्या वगळण्यात एखादी पद्धत आहे? एक चांगले गीत राहून जाणे हा अपघात असू शकतो. एका गीतकाराची, एका परंपरेची, एका संक्रमणाची सर्व गीते राहून जाणे ही भूमिका असते, मग ती संकलकाला ठाऊक असो वा नसो. अखेरीस, निवडलेल्या रचनांचे परस्परसंबंध पाहावेत, कारण संकलन ही स्वतंत्र रचना आहे आणि शेजार बदलला की मूल्य बदलते.

या निकषांवर लाल-निळी संकलने सदोष असूनही तिन्हींत सर्वांत मोलाची ठरतात. त्यांनी एक विधान केले आणि त्याची किंमत मोजली. '१' ने विधान करण्याचे टाळले, आणि २०२३ च्या आवृत्तीने सर्वांना मान्य होईल असे विधान करू पाहिले. साहित्याच्या क्षेत्रातील संकलकांनाही या तीनच वाटा उपलब्ध असतात : निर्णय घेणे, निर्णय नियमावर सोपवणे किंवा सर्वांचे समाधान करणे. अभ्यासक्रमासाठी पाच कविता निवडणाऱ्या मंडळापुढे आणि एखाद्या कवीच्या हजार पृष्ठांतून शंभर काढणाऱ्या संपादकापुढे हाच प्रश्न उभा असतो. अशा निवडीला बहुधा दोन पानांची प्रस्तावना जोडलेली असते आणि तीत काय घेतले याचे समर्थन असते. काय वगळले आणि का वगळले, याचाही हिशेब त्या प्रस्तावनेत मांडला जाईल, तेव्हाच निवड ही समीक्षेच्या कक्षेत येईल. तोपर्यंत तो हिशेब मागण्याचे काम समीक्षकाने सोडू नये.